रोजचा ताण उतरवायचा कसा: आधी शरीर, मग कागद, मग माणसं

ताण म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या घटना येतात. १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी अशा ४३ घटनांना चक्क गुण देऊन टाकले: जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, आणि स्वतःचं लग्न ५०. (हा शेवटचा आकडा वधूवर सूचक मंडळं सांगत नाहीत.) पुढे १९८१ मध्ये रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन लोकांच्या रोजच्या बारीकसारीक कटकटींची महिनोन्महिने नोंद घेतली. तेव्हा असं दिसलं, की माणसाला होणाऱ्या मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून जास्त नीट बांधता येतो.

आपल्याकडची यादी करायला संशोधक बोलवायची गरज नाही. पाण्याची वेळ झाली आणि पंप सुरू करणारा गायब. नेहमीची लोकल रद्द, पुढची खच्चून भरलेली. पावणेसहाला साहेबांचं ‘जरा पाचच मिनिटं बसू या’. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात हे रात्री दुकानं बंद झाल्यावर कळणं. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साडेदहाला आलेला निरोप, उद्या मुलांना पांढरा सदरा आणि चार्ट पेपर द्यावा. यातलं एकेक सुटं घेतलं तर कुणाला सांगायचीही लाज वाटेल. पण असं दिवसभर साचत गेलं आणि कशाचाच निचरा झाला नाही, की रात्री डोळा लागत नाही आणि सकाळी उठल्या उठल्या अंग ठणकतं.

हा लेख त्या निचऱ्याबद्दल आहे. ताणच येणार नाही अशी व्यवस्था कुणालाही जमलेली नाही, पण आलेला ताण त्याच दिवशी बराचसा उतरवता येतो. त्याला एक क्रम आहे: आधी शरीर, मग कागद, मग माणसं. बहुतेक सल्ले याच्या उलट टोकाने सुरू होतात. ‘सकारात्मक विचार कर’, ‘मनाला लावून घेऊ नकोस’, ‘बोलून टाक एकदाचं’. छाती धडधडत असताना माणसाला ना धड विचार करता येतो, ना धड बोलता. दूध उतू जायला लागलं की आधी गॅस बारीक करतात, ओटा नंतर पुसतात. इथेही तसंच.

अंगात नेमकं काय होतं

एवढं समजून घेतलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास शरीराच्या ‘लढा नाहीतर पळा’ या तयारीचं वर्णन केलं. १९३६ मध्ये माँट्रियलला काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी असो, जखम असो की विषारी औषध, शरीराचा प्रतिसाद बराचसा ठरलेला असतो. म्हणजे समोर साप आहे की साहेबांचा ईमेल, याच्याशी शरीराला फारसं कर्तव्य नाही.

अ‍ॅड्रिनलिन हे ताणाचं संप्रेरक (हार्मोन) काही सेकंदांत काम सुरू करतं. नाडी वाढते, श्वास उथळ होतो, खांदे आणि जबडा आवळतात, पचन मंदावतं. त्यामागून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक येतं आणि त्याची पातळी साधारण वीस ते तीस मिनिटांनी सर्वांत वर जाते. भांडण पाच मिनिटांत मिटलं तरी चिडचिड पुढे तासभर का रेंगाळते, त्याचं हे एक कारण.

यातून एक सोपा नियम निघतो आणि माझ्या मते या अख्ख्या लेखातला तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे: डोकं तापल्यावर पहिला अर्धा तास कुणालाही उत्तर पाठवायचं नाही. लिहायचंच असेल तर फोनच्या नोट्समध्ये लिहा. ऑफिसचा मेल असेल तर ‘प्रति’ची जागा रिकामी ठेवून लिहा, म्हणजे चुकून बोट लागलं तरी तो जाणार नाही. अर्ध्या तासाने तोच मजकूर वाचा. बहुतेक वेळा पहिली दोन वाक्यं आपणच खोडतो.

पायरी पहिली: आठ दिवस नुसती नोंद

काही बदलायच्या आधी आठवडाभर लिहून काढा. साधी शंभर पानी वही पुरते. अ‍ॅपच्या भानगडीत पडू नका, कारण अ‍ॅप उघडायला फोन हातात घेतला की त्यातच निम्मा ताण वाट बघत असतो. तीनच रकाने हवेत: वेळ, काय झालं, आणि अंगात कुठे जाणवलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक गाळतात.

समजा, बदलापूरहून दादरला नोकरीला जाणारी चाळिशीतली एक बाई आहे. तिच्या वहीतलं एक पान असं असू शकेल:

सकाळी ६:१० – गिझर रात्रभर चालू राहिलेला – जबडा आवळला
९:४० – दादरचा पूल, साहेबांचे दोन मिस्ड कॉल – छातीत धडधड
दुपारी ३:०० – काहीच झालं नाही, नुसती बेचैनी – हात थरथरले
संध्याकाळी ७:३० – घरात पाऊल टाकताच ‘आज भाजी काय?’ – डोळ्यांत पाणी
रात्री १०:३५ – शाळेच्या गटावर निरोप – मान, खांदे

आता दुपारी तीनची नोंद पाहा. त्या दिवशी तिने अकराला डबा घाईत अर्धाच खाल्लेला आणि तीनपर्यंत चार कप चहा झालेले. ही बेचैनी ताणाची कमी आणि रिकाम्या पोटावरच्या चहाची जास्त. तिच्यावर उपाय खाण्याचा आहे, ध्यानधारणेचा नाही. आणि साडेसातची नोंद भाजीबद्दल नाहीच. दीड तास उभ्याने प्रवास करून आल्यावर दोन ड्यूट्यांच्या मधे श्वास घ्यायलाही फट नव्हती, हे त्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण. अशा गोष्टी आठवून सापडत नाहीत, लिहिल्यावरच दिसतात.

आठ दिवसांनी वही उलटी चाळा आणि दोनच गोष्टी शोधा: कोणती वेळ सारखी येते आणि शरीराचा कोणता भाग सारखा येतो. पुढचं सगळं त्या वेळी आणि त्या भागावर करायचं आहे.

पायरी दुसरी: श्वास, पण नीट समजून

‘खोल श्वास घे’ हा सल्ला अर्धवट आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. हे निरोगी माणसात नेहमीच घडतं, मनगटावर नाडी धरून पाहिलीत तर जाणवेलही. त्यामुळे शांत व्हायचं असेल तर लक्ष सोडण्यावर हवं. घाबरलेला माणूस जोरजोरात खोल श्वास ओढत राहिला तर उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते.

जागच्या जागी करायचा प्रकार असा:

१. पाठ टेकता आली तर टेका. लोकलमध्ये उभे असाल तर दोन्ही पायांवर सारखं वजन घ्या. खांदे एकदा कानांपर्यंत उचला आणि सोडून द्या.
२. नाकाने श्वास घ्या. भरला असं वाटलं की वर अजून एक छोटा घोट नाकानेच घ्या.
३. आता तोंडाने, ओठ थोडेसे मिटून, सावकाश सोडा. घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लागू द्या. आकडे मोजण्याचा ताण घेऊ नका.
४. पुढचा श्वास आपणहून येईपर्यंत थांबा. ओढून आणू नका.
५. असं पाच-सहा वेळा केलं तरी तात्पुरता फरक पडतो. सवय म्हणून करायचं तर रोज पाच मिनिटं.

हा उसाशासारखा प्रकार स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे श्वसनप्रकार आणि ध्यान करायला दिलं होतं. मनःस्थिती सुधारण्यात या लांब उसाशांचा गट पुढे निघाला. आपल्याला यात नवलाई वाटू नये. लोणावळ्याच्या कैवल्यधाममध्ये स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता. ज्यांना भ्रामरी किंवा अनुलोम-विलोम येतं त्यांनी तेच करावं. भ्रामरीत गुंजन करताना श्वास आपोआप लांब सुटतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर श्वास रोखून धरणारे आणि जोरजोरात भात्यासारखे करायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. कुठल्याही प्रकारात गरगरलं तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा.

आणि ज्यांना डोळे मिटून बसणं म्हणजे शिक्षा वाटते, त्यांनी गावं. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं तासाभराच्या प्रवासात टाळ-ढोलकीवर जे करतात त्यात लांब सुटणारा श्वास आहे, ठेका आहे, आणि रोज भेटणारी माणसंही आहेत. शेजारी पेपर वाचणाऱ्याला त्याचा ताण होतो, ही गोष्ट वेगळी.

वहीत मान, खांदे, जबडा हेच पुन्हा पुन्हा येत असेल तर श्वासाला स्नायू सैलावण्याची जोड द्या. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. दोन्ही मुठी पाचेक सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि सैल पडल्यावर कसं वाटतं ते दहा-पंधरा सेकंद नुसतं न्याहाळा. तसंच दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. जिथे दुखणं आहे तो भाग सोडून द्यायचा. झोपण्यापूर्वी गादीवर पडून केलं तर पुष्कळांना पायांपर्यंत पोहोचायच्या आतच झोप लागते.

पायरी तिसरी: चालणं, चहा आणि बाकीची व्यसनं

शरीराने पळायची तयारी केली आणि आपण खुर्चीतच बसून राहिलो, हा आधुनिक ताणाचा मूळ घोटाळा. त्यामुळे थोडं तरी हललंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. दिवसाला वीस-बावीस मिनिटं धरली तरी खालची मर्यादा गाठता येते. त्यासाठी जिमची वार्षिक फी भरायची गरज नाही. ती भरून न जाण्याचा ताण निराळाच.

हे चालणं कुठे बसवायचं ते वहीला विचारा. वरच्या उदाहरणातल्या बाईची पडती वेळ साडेसातची आहे. स्टेशनवरून रिक्षा न करता तिने पंधरा मिनिटं चालत घर गाठलं, तर व्यायाम होतो आणि ऑफिस व घर यांच्यामध्ये ती फटही तयार होते. रस्ता अंधारा किंवा खड्ड्यांचा असेल तर सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या मारून मगच वर जावं. दाराशी चपला काढल्यानंतर ही दहा मिनिटं मिळत नाहीत.

चहाबद्दल लिहिणं म्हणजे मराठी वाचकाशी वैर पत्करणं, तरी लिहितो. कॅफीनचा निम्मा अंश रक्तातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कडक कपातलं बरंच कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. चहा सोडू नका. शेवटचा कप दुपारी तीन-चारच्या आत घ्या आणि रिकाम्या पोटी घेऊ नका. संध्याकाळी पाहुण्यांसमोर नाही म्हणवत नसेल तर ‘अर्धाच द्या’ म्हणा.

तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांनी ‘जरा बरं वाटतं’, याचं कारण सरळ आहे. आधीच्या निकोटिनचा अंमल उतरल्याने जी तगमग सुरू झालेली असते ती पुढच्या चिमटीने थांबते, म्हणजे तंबाखू स्वतःच दिलेला ताण स्वतःच काढून घेते. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते आणि पहाटे तीन-चारला छातीत धडधडून जाग येते. सुटत नसेल तर एकट्याने झुंजत बसू नये. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय.

पायरी चौथी: झोपेची राखण

झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी त्याच कटकटी दुप्पट मोठ्या वाटतात, आणि त्या मोठ्या वाटल्या की पुन्हा झोप जाते. हे चक्र तोडायला सगळ्यात सोपी जागा सकाळची. झोपायची वेळ आपल्या हातात पूर्णपणे नसते, उठायची बऱ्यापैकी असते. रविवारसकट रोज साधारण एकाच वेळी उठा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालेल. प्रौढांना सात तास तरी झोप हवी, म्हणून त्या वेळेपासून उलटं मोजून अंथरुणाची वेळ काढा.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, अजूनही ते स्वस्तात मिळतं. घरात आजारी माणूस किंवा परगावी म्हातारे आईवडील असतील तर फोनची रिंग मोठी ठेवा आणि बाकी सगळे गट म्यूट करा. रात्री अकरानंतर महत्त्वाचं असेल तो माणूस फोन करतो, गटावर सुप्रभातचं फूल आगाऊ पाठवत नाही.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा, तीही बारीक तपशिलासह: ‘बँक’ असं न लिहिता ‘बँकेत जाऊन आईच्या खात्याचं केवायसी, आधार आणि फोटो सोबत’. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. नऊ मिनिटं हा काही चमत्कार नव्हे. पण अंथरुणात पडून ‘उद्या विसरायला नको’ असं घोकणं बंद होतं, हा खरा फायदा.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठा. घड्याळ पाहू नका, अंदाजानेच. मंद उजेडात एखादं कंटाळवाणं काम करा, लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला, जांभई आली की परत या. अंथरुणात कूस बदलत राहिलं की मेंदूला अंथरूण म्हणजे जागरणाची जागा अशी सवय लागते. पाळीत काम करणाऱ्यांना हे वेळापत्रक जसंच्या तसं लागू पडणार नाही. त्यांनी निदान दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी करावी आणि ‘घरी आहेस तर जरा दळण टाकून ये’ ही कामं आधीच बाद करून घ्यावीत.

पायरी पाचवी: आता कागद

शरीर थोडं निवलं की डोक्याकडे वळायचं. वहीतल्या नोंदी तीन ढिगांत वाटा.

पहिल्यात माझ्या एकट्याच्या हातातल्या: गोळ्या महिन्याच्या एकदम आणणं, गिझरला टायमर लावणं, डब्याची वेळ. यांच्यावर विचार करत बसण्यात अर्थ नाही, तारीख टाकून करून मोकळं व्हायचं. रोजच्या कटकटींपैकी किती इथे निघतात हे पाहून माणूस चकित होतो. दुसऱ्या ढिगात दुसऱ्याच्या हातातल्या, पण बोलून सुटण्यासारख्या गोष्टी. त्या पुढच्या पायरीसाठी ठेवा. तिसऱ्यात कुणाच्याच हातात नसलेल्या: लोकलची गर्दी, पाऊस, दहावीचा निकाल लागेपर्यंतचे दिवस.

या तिसऱ्या ढिगासाठी काळजीची वेळ ठरवा. पेनसिल्व्हेनियाच्या थॉमस बॉर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही युक्ती तपासली. रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत, अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. दिवसात एरवी काळजी डोकावली की एका शब्दात टिपून ठेवायची आणि स्वतःला सांगायचं, हिचा नंबर साडेसहाला. ऐकायला पोरकट वाटतं. पण ‘काळजी करू नको’ हा हुकूम मन पाळत नाही, आणि ‘नंतर कर’ हा पाळतं. खुर्ची मात्र पलंगापासून लांबची निवडा आणि वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नका.

एखादा प्रसंग सारखा टोचत असेल तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत वापरून बघा. त्यांनी ती १९५० च्या दशकात अमेरिकेत मांडली आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी लिहून आणि शिकवून रुजवली. कागदावर आधी घटना लिहा: ‘जाऊबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या पुरणपोळीला नावं ठेवली.’ मग त्या क्षणी मनात आलेलं वाक्य: ‘सगळ्यांनी माझं कौतुक केलंच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य.’ मग स्वतःलाच विचारा, हा नियम कुणी केला? तो मोडला तर नेमकं काय नुकसान झालं? शेवटी त्याच घटनेबद्दल पटेल असं वाक्य लिहा: ‘वाईट वाटलं, वाटणारच. पोळी दोन ठिकाणी फाटली होती, हेही खरं. त्यावरून माझी किंमत ठरत नाही.’ राग पूर्ण जात नाही. तो सहन होईल एवढा उरतो, आणि तेवढंच अपेक्षित आहे.

पैशांच्या ताणाला हा विचारांचा उपाय लावू नका. तिथे हिशेब लावा. घराचा हप्ता, गाडीचा, क्रेडिट कार्ड, भिशी, शाळेची फी, सगळं तारखेसकट एकाच पानावर मांडा आणि घरातल्या दुसऱ्या मिळवत्या माणसाला दाखवा. आकडा मोठा निघाला तरी तो माहीत असलेला आकडा असतो. हप्ता चुकणार असं दिसत असेल तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोला. आणि झटपट कर्ज देणाऱ्या अनोळखी अ‍ॅपकडे वळू नका. तिथून पुढे जे सुरू होतं त्याला रोजचा ताण म्हणत नाहीत.

पायरी सहावी: माणसं

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात घालवतात. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. या फरकावर प्राणायाम हा उपाय नाही. घरातल्या बाईला योगवर्गाची फी भेट देणाऱ्याने त्याच वेळी संध्याकाळची भांडी स्वतःकडे घ्यावी, म्हणजे तिला वर्गाला जाता तरी येईल.

वाटणी करताना ‘मदत’ मागू नका, काम अख्खं सोपवा. ‘अहो, जरा गोळ्या आणाल का?’ असं दर महिन्याला म्हणण्यापेक्षा एकदाच: ‘आईंच्या औषधांचं सगळं आता तुमच्याकडे. संपत आली का बघणं, चिठ्ठी जपणं, आणणं. मी विचारणार नाही.’ आणि मग खरंच विचारू नका. पहिल्या महिन्यात एखादी गोष्ट उशिरा होईल. ती होऊ देणं कठीण जातं, पण लक्षात ठेवण्याचं ओझं डोक्यावरून उतरल्याशिवाय काम वाटलं गेलं असं म्हणता येत नाही.

वरिष्ठांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्या ऑफिसांत जमत नाही. पण क्रम विचारता येतो: ‘सर, हे आज करते. मग महिनाअखेरचं स्टेटमेंट उद्या दुपारी देऊ, की ते आधी हवंय?’ यात नकार नाही, पण दिवसाला तासच आठ आहेत हे त्यांना दिसतं. नातेवाइकांशी पूर्ण नकारापेक्षा आखलेला होकार बरा पडतो. ‘मावशी, बारशाला नक्की येते. जेवायला थांबत नाही, चारला निघेन.’ कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्याला तोड निघते, आणि मावश्यांकडे ती नेहमीच असते.

बोलायला एक तरी माणूस हवा. तो नवरा किंवा बायकोच असली पाहिजे असं काही नाही. डब्यातली मैत्रीण, कट्ट्यावरचा दोस्त, माहेरची वहिनी, कुणीही. सुरुवातीलाच सांगा: ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’ नाहीतर समोरच्याने दुसऱ्याच मिनिटाला वास्तुदोष काढलेला असतो.

हा ताण नसेलही

सतत थकवा, धडधड, केस गळणं, चिडचिड यामागे थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असणं हीही कारणं असतात. दोन-तीन आठवडे सगळं करूनही फरक नसेल तर घरच्या डॉक्टरांकडून या तपासण्या करून घ्या. छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, दम लागणं असं झालं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ किंवा ‘टेन्शनने झालं’ म्हणून ओवा चघळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास आहे, कशातच गोडी नाही, भूक आणि झोप बिघडली आहे, कामावर लक्ष लागत नाही, तर ते रोजच्या ताणापलीकडे गेलेलं असू शकतं. तिथे वही आणि श्वास पुरे पडत नाहीत, उपचार लागतात आणि ते उपयोगी पडतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात काम करते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे का, तेही विचारून पाहा. जगणं नको असं मनात येत असेल तर आजच, आत्ताच, जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ लावा. आणि झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणू नका.

सुरुवात कशी करायची

सगळं सोमवारपासून एकदम सुरू केलंत तर गुरुवारी बंद पडेल. पहिल्या आठवड्यात फक्त वही. दुसऱ्यात वहीत सारख्या येणाऱ्या वेळी पाच मिनिटं श्वास, आणि चहाची शेवटची वेळ ठरवणं. तिसऱ्यात चालणं आणि फोन स्वयंपाकघरात. चौथ्यात तीन ढीग, आणि दुसऱ्या ढिगातलं एकच, सगळ्यात सोपं बोलणं. साहेबांपासून सुरुवात करू नका, दूधवाल्यापासून करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षातले जड आठवडे आधीच खुणा करून ठेवा: मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, गणपती, दिवाळीची साफसफाई, घरातलं लग्न. त्या आठवड्यांत नवी सवय सुरू करायची नाही आणि जुनी मोडली म्हणून जीव खायचा नाही. उठायची वेळ आणि वीस मिनिटांचं चालणं एवढंच धरून ठेवायचं, आणि गौरी आवाहनाच्या दिवशी तेही जमलं नाही तर विसर्जनानंतर पुन्हा सुरू करायचं.